जीपीएल सॉफ्टवेअर व्हिडिओत दाखवताना

जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना; त्याखालचा प्रोग्रॅम बदलून वाटला, तर तोही जीपीएलखालीच द्यावा लागतो. मग जीपीएलचं सॉफ्टवेअर स्क्रीनवर दाखवलं की व्हिडिओही जीपीएलखालीच द्यावा लागतो का, ही शंका रास्त आहे. माझ्या मते, नाही. २००७ सालच्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत स्पष्ट म्हटलंय की, प्रोग्रॅम चालवून मिळालेल्या आउटपुटला हा परवाना तेव्हाच लागू होतो, जेव्हा त्या आउटपुटमध्येच मूळ प्रोग्रॅमचा भाग उतरलेला असतो. म्हणजे गिंप या जीपीएलखालच्या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही काढलेलं चित्र तुमचंच, आणि ते शिकवणाऱ्या व्हिडिओतून पैसे मिळवायलाही हरकत नाही.

खरी काळजी घ्यायची ती इतर गोष्टींची. बोधचिन्ह हा ट्रेडमार्कचा विषय आहे, त्याला कोडचा परवाना लागू होत नाही. फायरफॉक्सचं चिन्ह थंबनेलवर असं मोठं लावू नका की व्हिडिओ फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचाच वाटेल. सरावासाठी उघडलेला फोटो आणि मागचं संगीत यांचे हक्क तर पूर्णपणे वेगळे. आणि नेमकं तिकडेच कुणी बघत नाही! व्हिडिओसोबत दुसऱ्याचा सोर्स कोड डाउनलोडला ठेवणार असाल, तर मूळ कॉपीराइट सूचना आणि परवान्याची प्रत त्यात असू द्या. एमआयटी या फारच कमी अटी असलेल्या परवान्यालाही ते लागतंच.