मीटिंगमध्ये कोणीच तोंड उघडत नाही. मदत हवी आहे, शनिवारच्या आत

कळवेकरीण, बुधवार रात्री १०:४०
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येते. आमच्या कंपनीत दर शनिवारी मीटिंग असते. माणसं चौदा. शेठना प्रत्येकाकडून नवीन कल्पना हव्यात, या शनिवारी निदान पाच तरी पाहिजेत असं बजावलंय. दोन महिने मी विचारून विचारून थकले. "कोणाला काही सुचतंय का?" म्हटलं की सगळे टेबलाकडे बघत बसतात. शेवटी मीच काहीतरी बोलते आणि मीच वहीत लिहिते. हीच माणसं बाहेर चहाच्या टपरीवर धडाधड बोलतात! सूचनापेटी लावली, तिचाही उपयोग झाला नाही. रोख बक्षीस वगैरे आमच्याकडे शक्य नाही, तेवढं सुचवू नका. शनिवारपर्यंत करता येईल असं काहीतरी सांगा.

घणसोली_३
कसली कंपनी? ऑफिस की कारखाना? चौदा माणसं म्हणजे नेमकी कोण? हे सांगितल्याशिवाय काय सुचवणार?

पिंपळपान
कंपनी कुठलीही असो, ब्रेनस्टॉर्मिंग नीट करा. लोक नाव घेतात पण नियम पाळत नाहीत. जाहिरात क्षेत्रातल्या ॲलेक्स ऑस्बर्न यांनी ते मांडले होते. कल्पना येत असताना टीका करायची नाही, जितक्या जास्त तितक्या चांगल्या, वेडगळ वाटली तरी लिहायची, आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची. पहिली पंधरा मिनिटं कोणीही "हे जमणार नाही" म्हणायचं नाही, एवढा एकच नियम फळ्यावर लिहा. मी ऐरोलीत आमच्या टीमबरोबर दर महिन्याला करते, फळा भरून जातो.

चेकनाक्यापलीकडे
पिंपळपान ताई, तुमचा अनुभव खरा असेल, पण हे प्रयोगात तपासलं गेलंय आणि उलट निघालंय. १९५८ मध्ये येल विद्यापीठात चार जणांचे गट आणि एकेकटे बसलेले चार जण अशी तुलना केली. एकेकट्यांच्या कल्पना एकत्र केल्या तर गटाच्या जवळजवळ दुप्पट भरल्या. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी कारण शोधलं. एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता सुचलेलं निसटतं. म्हणून बोलायला लावूच नका, लिहायला लावा. जर्मनीत बेर्न्ड रोरबाख यांची ६-३-५ पद्धत आहे. सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं. मग कागद शेजाऱ्याकडे. सहा फेऱ्या, म्हणजे अर्ध्या तासात १०८ कल्पना.

पिंपळपान
१०८ कल्पनांचं ती करणार काय? तिला पाच हव्यात. आणि माणसं एकमेकांशी बोलली नाहीत तर त्याला मीटिंग कशाला म्हणायचं?

घणसोली_३
धागाकर्त्या ताईंनी अजून काहीच सांगितलेलं नाही आणि इथे सुरू झालं.

कळवेकरीण, गुरुवार सकाळी ७:१५
ट्रेनमधून लिहितेय. मला वाटलं, सांगायची गरज नाही. रबाळे एमआयडीसी, आम्ही औषधांचे कार्टन छापतो. ऑफसेट छपाई, पंचिंग म्हणजे आकारात कापणं, पेस्टिंग म्हणजे चिकटवणं, सगळं आतच. मी प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर. मीटिंगला ऑपरेटर, हेल्पर, पेस्टिंगच्या मावश्या, क्वालिटीचा एक मुलगा, स्टोअरवाले. ६-३-५ चांगलं वाटतंय, फॉर्म छापून घेऊ का?

वाशी_पूल
कळव्याहून रबाळ्याला ट्रेनने म्हणजे ठाण्याला जाऊन बदलता का? मीही रोज तेच करतो. दिघा गाव स्टेशन झाल्यावर रिक्षाने तिथे जाऊन गाडी पकडून बघितली, पण रिक्षाचे पैसे परवडेनात. सकाळी पावणेसातच्या गाडीला हल्ली फार गर्दी असते का?

सुलूताई_नौपाडा
फॉर्म छापण्याआधी एक विचारते. चौदाच्या चौदा जणांना भराभर लिहिता येतं का? माझ्या नवऱ्याच्या वागळे इस्टेटमधल्या युनिटमध्ये हेल्पर उत्तम काम करायचे, पण हातात पेन दिलं की घाम फुटायचा. पाच मिनिटांत तीन कल्पना लिहा म्हटल्यावर तो माणूस पुढच्या मीटिंगला दांडी मारेल.

चेकनाक्यापलीकडे
हा मुद्दा बरोबर आहे, मी ऑफिस धरून चाललो होतो. जोड्या लावा, एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं.

तुर्भे_नोड
ताई, ऑनलाइन व्हाइटबोर्डचं ॲप वापरा. प्रत्येकाने मोबाइलवरून चिठ्ठी चिकटवायची, नाव दिसत नाही. मोफत आवृत्तीत तीन बोर्ड मिळतात. मी स्क्रीनशॉट टाकू का?

घणसोली_३
औषधांच्या कार्टनच्या कारखान्यात मशीनजवळ मोबाइल बहुधा नेऊच देत नसतील, साहेब.

कळवेकरीण
नाही नेऊ देत, गेटवर जमा करतात. दोन हेल्परना मराठी लिहिता येत नाही, हिंदी थोडं येतं. मावश्यांपैकी एक अजिबात लिहीत नाही. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

निवृत्त_फोरमन
मी एका मोठ्या कारखान्यात क्वालिटी सर्कल चालवलं, अकरा वर्षं. ही पद्धत १९६२ च्या सुमारास जपानात काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तिचा गाभा असा की एकाच जागी काम करणारी माणसं आपल्याच कामातल्या अडचणी स्वतः निवडतात. साहेबाने विषय द्यायचा नाही. तुमच्याकडे विषय कोण देतं? मीटिंग किती वाजता असते? आणि शेठ कुठे बसतात? तीनही उत्तरं द्या, मग बोलू.

कळवेकरीण, गुरुवार रात्री ९:३०
शेठ टेबलाच्या टोकाला बसतात, अर्थातच. त्यांची केबिनमधली खुर्ची तिथे आणून ठेवतात. विषय तेच देतात, बहुतेक वेळा "खर्च कसा वाचेल". मीटिंग साडेतीनला.

निवृत्त_फोरमन
पहिली पाळी किती वाजता सुटते?

कळवेकरीण
साडेतीनला. पावणेचारला कंपनीची बस निघते.

निवृत्त_फोरमन
म्हणजे माणसं स्वतःच्या वेळात, बस चुकेल या काळजीत, मालकाच्या समोर बसून, मालकाचा खर्च कसा वाचेल ते सांगणार. तुम्हीच विचार करा. पाळीच्या आत घ्या, अकराच्या चहानंतर. मीटिंग रूममध्ये नको, कामाच्या जागी उभ्या उभ्या घ्या. पंधरा मिनिटं पुरतात. शेठना शेवटच्या पाच मिनिटांत बोलवा.

पिंपळपान
शेठना बाहेर ठेवणं मला पटत नाही. वरचा माणूस समोर नसेल तर कल्पना मंजूर कोण करणार? आमच्याकडे आमच्या हेड बसतात. त्या आधी स्वतःची एक चूक सांगतात, मग सगळे मोकळे होतात.

निवृत्त_फोरमन
तुमच्या हेडना जमतं, चांगलं आहे. प्रत्येक मालकाला जमत नाही, आणि ताईंना शनिवारच्या आत शेठचा स्वभाव बदलायचा नाही.

कोपरखैरणे_मुक्काम
बक्षीस शक्य नाही म्हणता, तरी लिहितो. पैसे दिल्याशिवाय कोण डोकं चालवेल? आमच्याकडे अंमलात आलेल्या प्रत्येक सूचनेला पाचशे रुपये देतात.

सुलूताई_नौपाडा
त्यांनी आधीच नाही म्हटलंय ना. कळवेकरीण, तुम्ही लिहिलंत की पेटीचा उपयोग झाला नाही. ती पेटी शेवटची कधी उघडली?

कळवेकरीण
पेटी हजेरीच्या मशीनशेजारी आहे. किल्ली आधीच्या कोऑर्डिनेटरकडे होती, ते सोडून गेले. मी आल्यापासून उघडलेली नाही. रिकामीच असेल म्हणून... उद्या फोडते.

शिफ्टवाला
मी बराच वेळ वाचतोय, इथे पहिल्यांदाच लिहितो. मी स्वतः मशीनवर आहे, पंधरा वर्षं. माझा एकच प्रश्न. तुमच्या मीटिंगमध्ये शेवटची चांगली कल्पना कोणी दिली होती, आणि त्या माणसाचं पुढे काय झालं?

कळवेकरीण, शुक्रवार दुपारी १:५०
आधी पेटीचं सांगते. मेंटेनन्सच्या माणसाने कुलूप कापून दिलं. आत चार चिठ्ठ्या निघाल्या. दोन वाचता येत नाहीत, ओल लागून शाई पसरलीय. एकात कँटीनच्या डाळीची तक्रार आहे. चौथी कार्टनच्या कापलेल्या पट्टीवर, पांढऱ्या बाजूला, निळ्या बॉलपेनने लिहिलेली आहे, जशी आहे तशी देते: "पेस्टिंगच्या टेबलावरचा पंखा दोन हात मागे घ्यावा. कार्टन उडून दुसऱ्या जॉबमध्ये जातात म्हणून आम्ही पंखा बंद ठेवतो. फार उकडतं." खाली तारीख, दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्याची. सही नाही.

मी रोज त्या टेबलाशेजारून जाते. पंखा बंद असतो हे मला दिसतं. मला वाटायचं, मावश्यांना वारा सोसत नाही. औषधाच्या धंद्यात एका जॉबचं, म्हणजे एका ऑर्डरचं, कार्टन दुसऱ्यात जाणं यापेक्षा मोठी चूक नाही, अख्खी बॅच परत येऊ शकते. ती चूक होऊ नये म्हणून त्या दोन उन्हाळे घामात बसल्या, आणि वर मी त्यांनाच विचारत होते की काही सुचतंय का.

शिफ्टवाला, तुमच्या प्रश्नाचं उत्तर रात्री देते, इथून लिहिता येणार नाही.

सुलूताई_नौपाडा
ती पट्टी जपून ठेवा. आणि पंखा आजच हलवून घ्या, शनिवारची वाट बघू नका.

वाशी_पूल
पंख्याचा हुक हलवायला इलेक्ट्रिशियन लागेल. घणसोलीत सेक्टर सातला एक चांगला आहे, नंबर हवा तर व्यनि करा.

कळवेकरीण, शुक्रवार रात्री १०:२०
शिफ्टवाला दादा, तुमचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता. आमच्या ऑफसेटच्या ऑपरेटरना सगळे मामा म्हणतात. गेल्या वर्षी त्यांनी सुचवलं होतं की एक जॉब छापून होत असतानाच पुढच्या जॉबच्या छपाईच्या प्लेटा, शाई आणि शेड कार्ड (रंगाचा नमुना) ट्रॉलीवर लावून मशीनशेजारी आणून ठेवायचं. त्याआधी मशीन थांबवून हेल्पर शाई शोधायला स्टोअरला पळायचा. जॉब बदलायला पन्नास मिनिटं लागायची, ती तीसवर आली. दिवसाला पाच-सहा जॉब बदलतात. शेठ खूश झाले, मामांना सगळ्यांसमोर शाल दिली. पुढच्या महिन्यापासून ऑफसेटचा ओव्हरटाइम बंद झाला. आधी आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन तास असायचा. तेव्हा मी या दोन गोष्टी जोडून बघितल्याच नाहीत.

शिफ्टवाला
हेच. ओटीला कायद्याने दुप्पट दर असतो. आठवड्याला सहा तास म्हणजे बारा तासांची मजुरी, दीड दिवसाची. महिन्याला सहा दिवसांची मजुरी त्या माणसाच्या घरातून गेली, त्याच्याच कल्पनेमुळे. आणि हेल्परची पण गेली, त्याने तर काही सुचवलंही नव्हतं. आता शनिवारी "खर्च कसा वाचेल" विचारल्यावर तेरा जण मामांकडे बघत असतील. तुम्हाला वाटतं ते टेबलाकडे बघतात.

चेकनाक्यापलीकडे
मामांनी जे सांगितलं ते जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांचं तत्त्व आहे. मशीन बंद असताना करायची कामं आणि चालू असतानाही करता येणारी कामं वेगळी करायची. लोक याचं प्रशिक्षण घेतात, मामांनी ते अनुभवातून काढलं. ६-३-५ चा हट्ट मी सोडतो. आधी याचं उत्तर द्यायला हवं.

कोपरखैरणे_मुक्काम
पण ओटी कमी झाला तर कंपनीचं काय चुकलं? काम वेळेत संपत असेल तर उगाच थांबवून पैसे द्यायचे का?

शिफ्टवाला
उगाच द्या असं कोण म्हणतंय? वाचलेल्यातलं थोडं, ज्याच्यामुळे वाचलं त्याच्या पगारात यावं. नाहीतर पुढची कल्पना टपरीवरच राहील, आणि ती टपरीवर आहे असं ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

पिंपळपान
मला हे मान्य आहे. माझी पद्धत ज्यांच्या पगाराला धक्का लागत नाही त्यांच्यासाठी आहे, हा फरक मी धरला नव्हता. उद्या कल्पना मागू नका. पंख्याचं आधी सांगा आणि ऐका.

कळवेकरीण, शनिवार संध्याकाळी ६:१०
झालं ते सांगते. सकाळी आठला इलेक्ट्रिशियनने पंखा दोन हात मागे घेतला. शेठना मी पट्टी दाखवली, त्यांनी दोनदा वाचली आणि अकराची मीटिंग मान्य केली. पेस्टिंगच्या टेबलाभोवती उभे राहिलो. मी पट्टी मोठ्याने वाचली आणि माफी मागितली. पंखा चालू होता. ज्या मावशी लिहीत नाहीत असं मी म्हटलं होतं त्या म्हणाल्या, "पोरीकडून लिवून घेतलं होतं." मग म्हणाल्या, नुसता पंखा हलवून भागणार नाही, दोन जॉब शेजारच्या टेबलांवर लावू नका, मधलं टेबल रिकामं ठेवा. क्वालिटीच्या मुलाने लगेच वहीत घेतलं. एक हेल्पर हिंदीत म्हणाला की पंचिंगनंतरचा कचरा भरायचं पोतं मशीनच्या डाव्या बाजूला असेल तर त्याच्या दोन चकरा वाचतील. पाच नाही झाल्या, दोनच झाल्या. शेठ शेवटी आले, पाच वाजायच्या आत पोतं हलवा म्हणाले, आणि ते हललं.

मामा काही बोलले नाहीत. सगळे पांगल्यावर ट्रॉलीच्या दांडीवर हात ठेवून म्हणाले, "म्याडम, माझ्या ओटीचं विचारा. मग अजून दोन गोष्टी आहेत माझ्याकडे."

सोमवारी शेठशी बोलणार आहे. नुसती भावनेची गोष्ट केली तर ते ऐकणार नाहीत, आकडे लागतील. कसे मांडू?

निवृत्त_फोरमन
मशीनचा तासाचा दर तुमच्या कॉस्टिंगमध्ये असेल. गेल्या वर्षाची जॉब कार्डं आहेत का? त्यात जॉब बदलण्याची वेळ टाकता का?

कळवेकरीण
टाकतो. सुरुवात, शेवट दोन्ही. स्टोअरच्या माळ्यावर गठ्ठे आहेत.

शिफ्टवाला
मग उद्याचा रविवार आहेच. ट्रॉलीच्या आधीचा एक महिना आणि नंतरचा एक महिना, दोन्ही काढा. आणि मामांना शेजारी बसवा, कुठल्या दिवशी मशीन कशामुळे थांबलं होतं ते कार्डावर नसतं, त्यांना आठवत असेल. रविवारी बोलावलंत तर त्या दिवसाचे पैसे मात्र आधी मंजूर करून घ्या.