प्रतिस्थापनाचा ताळा नेमक्या कोणत्या समीकरणात घ्यावा?

दोन चलांची दोन समीकरणे सोडवताना प्रतिस्थापनाने (एक चल दुसऱ्याच्या रूपात मांडून ते दुसऱ्या समीकरणात ठेवण्याने) अपूर्णांकांचा गुंता होतो, म्हणून समीकरणांची बेरीज-वजाबाकी करून एका चलाचा लोप करण्याचीच पद्धत नेहमी वापरावी, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. एकाही चलाचा सहगुणक (त्याला गुणणारी संख्या) १ किंवा −१ नसेल, तर तक्रार रास्त आहे. परंतु एक चल आधीच दुसऱ्याच्या रूपात दिलेले असताना लोपाच्या मागे लागणे म्हणजे उगाच वळसा घेणे होय.

या वादात न येणारा मुद्दा ताळ्याचा आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या भाचीला मी असे उदाहरण घातले होते की, तीन मिसळ आणि दोन ताक यांचे २८० रुपये झाले, आणि ताक मिसळीपेक्षा ६० रुपयांनी स्वस्त आहे. मिसळीची किंमत क्ष आणि ताकाची य धरून तिने ३क्ष + २य = २८० आणि य = क्ष − ६० ही समीकरणे बरोबर मांडली, पण य ची ही किंमत पहिल्या समीकरणात ठेवताना कंस गाळून ३क्ष + २क्ष − ६० = २८० असे लिहिले, आणि मिसळ ६८ रुपये, ताक ८ रुपये असे उत्तर काढले. मग ६८ − ६० = ८ असा ताळा करून ती निश्चिंत झाली. हा ताळा जुळणारच होता, कारण य ची किंमत तिने त्याच समीकरणातून काढली होती. ताळा ३क्ष + २य = २८० या पहिल्या समीकरणात घेतल्यावर २८० ऐवजी २०४ + १६ = २२० आले आणि चूक उघडी पडली. कंस घातल्यावर ५क्ष − १२० = २८०, म्हणजे मिसळ ८० आणि ताक २० रुपये. (आठ रुपयांत ताक कोल्हापुरात मिळेल का, ही शंका मात्र तिला आधीच यायला हवी होती.)