नाताळच्या आठवड्यात मुंबई: जायचं की नाही?

शाहूपुरीकर (सातारा)
डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच विषय निघतो. "पोरांना ख्रिसमसची मुंबई दाखवू." यंदाही निघाला, मी उघड विरोध केला आणि तेव्हापासून वाळीत आहे. म्हणून इथे मांडतो.

मुंबई बघायची तर फेब्रुवारीत बघा. २४ ते ३१ डिसेंबर नको. हॉटेलवाले त्या आठवड्यात भाव वाढवतात ते वाढवतात, वर "दोन रात्री घ्याव्याच लागतील" म्हणतात. वांद्र्याच्या हिल रोडला संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. पोरगं खांद्यावर, लायटिंग त्याला दिसते, आपल्याला पुढच्याची पाठ. बाकीची मुंबई तरी नीट होते का? राणीबाग बुधवारी बंद, घारापुरी आणि बोरिवलीचं नॅशनल पार्क सोमवारी बंद. उरलेल्या दिवशी गेटवेला लाँचची रांग संपता संपत नाही. आमच्या मराठी शाळेला नाताळची सुट्टी एकच दिवस, म्हणजे पोरांना दांडी मारायला लावायची. त्यात २५ तारीख शुक्रवारी आली की अख्खा महाराष्ट्र रस्त्यावर.

ग्रुपवाल्यांचा हुकमी एक्का म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा. अहो, जत्राच बघायची तर पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा याच दिवसांत असते. रथावर नोटांच्या माळा, बैलबाजार, कुस्त्या. एसटीने जा, संध्याकाळी घरी.

विटेकर (सांगली जिल्हा)
दादा, तुमचं हॉटेलचं गणित मला कळलंच नाही. सातारकराला मुंबईत हॉटेल लागतं कशाला? जावळी-पाटणची निम्मी माणसं माथाडी म्हणून मुंबईला गेली, आज कोपरखैरणे-घणसोलीत घराआड घर सातारकरांचं आहे. चुलतभाऊ नाही असा एक माणूस दाखवा. आमच्या खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली, कुठल्याही शहरात उतरलं तरी झोपायला गाद्या मिळतात. पाहुण्याकडे जाताना पाच किलोची गुळाची ढेप आणि शेंगदाणे न्यायचे, विषय संपला.

आणि गर्दीचं म्हणाल तर पुसेगावला काय मोकळं रान असतं? तिथं रथ ओढताना चेंगरलेलं चालतं, वांद्र्यात धक्का लागला की त्रास. गर्दी नको असेल तर दोन्हीकडे नको म्हणा.

खरी गोष्ट वेगळीच आहे. त्या आठवड्यात मुंबईकर बाहेर पडतो. लोणावळा, महाबळेश्वर, कोकण, गोवा. ऑफिसं अर्धी रिकामी. सकाळी नऊच्या लोकलमध्ये श्वास घेता येतो, हे मुंबईत वर्षातून किती वेळा होतं? आपण उलट्या दिशेने जातो, हाच आपला फायदा.

माणदेशी गडी
आपला सण हाय का त्यो? हुरडा सोडून वांद्र्यात लायटी बघाय कशाला जायचं?

पेठेतला (सातारा)
गडीभाऊ, हुरडा खाऊन जा की, कोण नको म्हणतंय. पण "आपला नाही" हे साताऱ्यात बसून म्हणू नका. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यातच येऊन राहिले, 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांनी इथेच मांडला. त्यांचे अभंग आजही मराठी चर्चमध्ये टाळ-मृदंगावर म्हणतात. अभंग म्हणणाऱ्यांना परके कसं म्हणायचं?

माणदेशी गडी
ह्ये ठावं नव्हतं. पर हुरडा सोडणार न्हाय.

स्टेअरिंग (कोडोली, सातारा)
मी भाड्याची गाडी चालवतो, त्यामुळं विटेकर भाऊंचं निम्मं पटतंय, निम्मं न्हाय.

जातानाचं बरोबर हाय. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, घाट चढायचा नसतो. घाटात अडकतात ते पुण्याकडनं येणारे. २४-२५ ला सकाळी आमच्या सातारच्या खंडाळ्याच्या बाजूनं ट्रक बंद पडला की रांग खाली वेळे-सुरूरच्या बाजूला न्हाय, वर पारगावच्या बाजूला लागती. पुढं एक्स्प्रेस वेवर पण तेच. बोरघाटात मुंबईकडनं चढणाऱ्या लेनी तुंबतात, उतरणाऱ्या चालू. म्हणून जाताना तुम्ही राजे.

पण यायचं कधी? समद्या पाहुण्यांना २५ ला दुपारी जेवून निघायचं असतं, नायतर २६ ला सकाळी. म्हणजे परत येताना तुम्ही त्याच तुंबलेल्या लेनीत. पोरं मागं ओकत्यात, गाडी गरम व्हती, क्लच प्लेटचा वास यायला लागतो, आणि शेठ म्हणतो "जरा दाबा की." कुठं दाबू? २५-२६ ला मुंबईहून सकाळी परत फिरू नका, एवढं ऐका. एक तर पहाटे चारच्या आत पनवेल सोडा, नायतर दुपार टाळून रात्री दहानंतर निघा. ते जमत नसंल तर गाडीच करू नका, रेल्वेनं जा. माझं भाडं बुडलं तरी चालंल.

विटेकर
रेल्वेचं मी म्हणणारच होतो. सांगलीहून रात्रीची महालक्ष्मी, सकाळी सीएसएमटीला. सातारकरांची अडचण खरी आहे, त्यांची गाडी मध्यरात्री आणि स्टेशन माहुलीला, गावाबाहेर. तरी घाट नाही, टोल नाही.

फक्त तिकिटाचं डिसेंबरात आठवून उपयोग नाही. पूर्वी १२० दिवस आधी मिळायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस झालं. म्हणजे २४ डिसेंबरचं बुकिंग ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात उघडतं, ऐन दिवाळीच्या सुमारास, आणि चकली तळायच्या नादात लोक विसरतात. मग तत्काळ. एसीचं दहाला, स्लीपरचं अकराला, आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी वेटिंग.

मुंबईत उतरल्यावर आता पूर्वीसारखी फरफट नाही. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आरे ते कफ परेड पूर्ण चालू आहे. सिद्धिविनायक, दादर, हुतात्मा चौक, सगळं एका ओळीत. आजीला लोकलचा जिना चढायला लावायची गरज नाही.

पाचगणीचा टेबललँड
तुम्ही तिकडं, ते इकडं. आमच्याकडं त्या आठवड्यात पसरणी घाटात गाड्या मुंगीसारख्या. सातारकरांनी चर्चच बघायचं असेल तर महाबळेश्वरचं होली क्रॉस १८३१ सालचं आहे. पण त्या आठवड्यात येऊ नका. खोली नाही, पार्किंग नाही, मक्याच्या कणसाचे पण दर डबल.

शाहूपुरीकर
बघा! पाचगणीवाले स्वतः "येऊ नका" म्हणतात, त्यांचा धंदा असून. मुंबईवाले एवढे प्रामाणिक नाहीत.

वसईची लेक, मिरजेची सून
बराच वेळ वाचतेय, आता राहवत नाही.

पहिलं, शाहूपुरीकर दादा, माउंट मेरीची जत्रा नाताळात नसतेच. ती मतमाउलीच्या, म्हणजे मेरीच्या जन्माची, ८ सप्टेंबरच्या लगतच्या रविवारपासून आठवडाभर. डिसेंबरात तिथं तुम्हाला जत्रा मिळणार नाही, मोठं बॅसिलिका तेवढं आहे, १९०४ सालच्या इमारतीचं. तुमच्या ग्रुपवाल्यांनी हुकमी एक्का म्हणून जे फेकलं ते पत्त्यातच नव्हतं, आणि तुम्हीही ते न तपासता पुसेगावची यात्रा त्यावर टाकलीत.

दुसरं, हिल रोडची लायटिंग म्हणजे नाताळ, हे कोणी ठरवलं? ती दुकानांची सजावट. हिल रोडवरच सेंट अँड्र्यूज आहे, पोर्तुगिजांनी १५७५ च्या सुमारास बांधलेलं. लोक त्याच्या दारात उभे राहून समोरच्या दुकानाचा फोटो काढतात. दादरला उतरणाऱ्यांना गोखले रोडवरचं पोर्तुगीज चर्च पायी गाठता येतं. सत्तरच्या दशकात वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी नव्यानं बांधलेलं. वरच्या कवचातून येणारा उजेड एकदा शांतपणे बसून बघा. कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ चं, पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ. तिथं त्या आठवड्यातही धक्काबुक्की नसते.

आणि मराठी माणसाला नाताळ बघायचाच असेल तर गाडी वांद्र्याला का थांबवता? वसईला या. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, मराठीत. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो आमच्याच वसईचे. गावागावांत येशूजन्माच्या गव्हाणीचा देखावा करतात. पेंढा, माती, नाचणीची कोवळी रोपं शेतासारखी उगवलेली, त्यात विहीर आणि रहाटसुद्धा. आई डिसेंबरात कुलकुल करायला बसायची. मैद्याची गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची, अंगठ्यानं सरकवत गुंडाळायची, रेघा उमटल्या पाहिजेत. नाही उमटल्या तर गोळी परत परातीत. मिरजेतही मी करते, शेजारणी आता करंजीच्या दिवशी मला हात द्यायला येतात आणि कुलकुलच्या दिवशी मी त्यांना बसवते. मिरजेला नाताळ नवा नाही, वानलेस डॉक्टरांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं.

तिसरं आणि सगळ्यांच्या भांडणावरचं. नाताळ २५ ला संपतो कुठं? ६ जानेवारीला तीन राजांचा सण. तोवर गोठे, तारे जागेवर असतात. २ ते ५ जानेवारीत या. हॉटेलं उतरलेली, रस्ते मोकळे, आणि घरातल्या माणसांना तुमच्याशी बोलायला वेळ.

विटेकर
ताई, माहिती एक नंबर, पण २ जानेवारीची कल्पना मला पटत नाही. मग तो आठवडा राहतच नाही. २४ च्या रात्री रस्त्यावर माणसं नवीन कपडे घालून चालत चर्चला निघतात, लहान पोरं झोपेला आलेली, कोणाच्या हातात केकचा डबा. ते २ तारखेला कुठं दिसणार? दिवाळी संपल्यावर आकाशकंदील बघायला बोलावल्यासारखं आहे.

वसईची लेक, मिरजेची सून
हो, २४ ची रात्र वेगळीच, ती नाही म्हणणार नाही. पण मग त्या रात्रीची गर्दी आणि भाडं याबद्दल कुरकुरू नका. दोन्ही एका तिकिटात मिळत नाही.

शाहूपुरीकर
ताई, जत्रेचं तुम्ही सांगितलंत ते ग्रुपवर टाकलं, तिकडं सामसूम आहे. पण माझा विरोध कायम. जानेवारीत शाळा चालू, स्नेहसंमेलनाची तालीम चालू. पोरं निघणार कशी? मी वसईला येईन, पण मे महिन्यात, सुकेळी खायला. नाताळात आम्ही घरीच.

स्टेअरिंग
सर, मे मध्ये तर याहून जास्त ट्रॅफिक.

विटेकर
ताई, एक विचारतो. आमच्यासारख्यांनी मिस्सा चालू असताना आत आलं तर चालतं का? गेल्या वेळी दारातूनच परत फिरलो.

वसईची लेक, मिरजेची सून
चालतं की. मागच्या बाकावर बसा, सगळे उभे राहिले की उभे राहा, बसले की बसा. चप्पल काढायची गरज नाही, टोपी मात्र काढा. पवित्र भाकरी घ्यायला रांग लागते तेव्हा रांगेत जाऊ नका, जागेवर थांबा. फोटो मिस्सा संपल्यावर, तेही गोठ्याचे. रडणारं पोर असलं तर दाराजवळचं बाक धरा, कोणी डोळे वटारणार नाही, आमचीही रडतात. आणि रात्रीच्या मिस्सेची वेळ आदल्या दिवशीच विचारून घ्या. सगळीकडे बाराला नसते, काही ठिकाणी बरीच आधी आटोपते.