टर्मिनलवाल्यांनो, जरा जमिनीवर या

कडूलिंब: "एसक्यूएल येत असेल तर पीएसक्यूएल पुरे, बाकी सगळ्या कुबड्या," हे कालच्या पोस्टमधलं वाक्य वाचून डोकंच फिरलं. (एसक्यूएल ही डेटाबेसशी बोलायची भाषा; पीएसक्यूएल म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसला टर्मिनलमधून आज्ञा टाइप करायचं टूल.) 400 टेबलांचा स्कीमा (डेटाबेसचा आराखडा), कॉलमांची नावं सी1, सी2. कोणती फॉरेन की, म्हणजे एका टेबलाला दुसऱ्याशी जोडणारा कॉलम, कुठे जाते हे बॅकस्लॅश डी (टेबलाची रचना दाखवणारी पीएसक्यूएलची आज्ञा) मारत शोधत बसायचं? डीबीव्हरसारख्या खिडक्या-बटणांच्या टूलमध्ये ईआर डायग्रामचा (टेबलांमधल्या नात्यांच्या आकृतीचा) टॅब उघडला की समोर दिसतं. स्वतःला स्कीमा पाठ आहे म्हणून दुसऱ्यांना अक्कल शिकवू नये.

जुनाट: पोस्ट माझीच. सर्व्हर बोंबललाय, हातात फक्त एसएसएच (दुरून सर्व्हरवर शिरायची टर्मिनलची वाट), तिथे तुमचा डीबीव्हर, तो जावा भाषेतला अवजड हत्ती, उघडणार का? पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश ई मारलं की हवा तो एडिटर उघडतो. अजून काय पाहिजे?

कडूलिंब: एसएसएच टनेल, म्हणजे त्याच वाटेने डेटाबेसला जोडायची सोय, डीबीव्हरमध्येच आहे. बघा कधीतरी, पाप लागणार नाही.

उपद्व्यापी: दोघंही भलतंच भांडताय. आमच्याकडे एकाने अपडेट लिहिला, 'वेअर' (कोणत्या नोंदी बदलायच्या ही अट) खालच्या ओळीवर. वरच्या दोनच ओळी सिलेक्ट झाल्या आणि रन दाबलं. सगळे ग्राहक 'बंद'! पीएसक्यूएल निदान सेमिकोलनची वाट बघतं.

कडूलिंब: आणि सेमिकोलन आला की मुकाट्याने कमिट करतं, म्हणजे बदल कायमचा करतं. ऑटोकमिट तिथेही चालूच असतं साहेब. 'बिगिन' (मी सांगेपर्यंत कमिट नको, ही आज्ञा) लिहायचा कंटाळा, आणि खापर टूलवर. मायएसक्यूएल डेटाबेसच्या क्लायंटला असे विनाअट अपडेट अडवणारा सेफ-अपडेट्स नावाचा पर्याय आहे, त्याचंच टोपणनाव आय-ॲम-अ-डमी. द्या त्यांना बसवून.

निशाचर: टूल कुठलंही वापरा, फक्त तो कोडची मांडणी आपोआप बदलणारा फॉरमॅटर बंद ठेवा! प्रोसीजरमधली (डेटाबेसात साठवलेल्या कोडमधली) एक अट बदलली आणि डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडच्या फरकात, 900 ओळी लाल-हिरव्या. रिव्ह्यू काय डोंबल करणार? त्यात ओळीच्या सुरुवातीला स्वल्पविराम लावणारे महाभाग वेगळेच.

जुनाट: मी लावतो. शेवटचा कॉलम कमेंट केला, म्हणजे तात्पुरता वगळला, तरी क्वेरी मोडत नाही.

निशाचर: पहिला केला की मोडते.

जुनाट: पहिला आयडी असतो. तो कोण काढतं?

निशाचर: रिपोर्टिंगवाले काढतात. सगळं जग तुमच्या टेबलांवर चालत नाही.

जुनाट: तुमच्या रिपोर्टिंगवाल्यांना सिलेक्ट स्टार (सरसकट सगळे कॉलम मागणं) सोडून काही येतं का?

निशाचर: हे पर्सनल होतंय.

उपद्व्यापी: गूगलच्या बिगक्वेरी डेटाबेसात शेवटच्या कॉलमनंतरचा स्वल्पविराम चालतो. मिटला प्रश्न.

निशाचर: आम्ही ओरॅकलवर आहोत. तुमचा मिटला असेल.

कडूलिंब: अहो, सीआयमध्ये (कोडच्या आपोआप होणाऱ्या तपासणीत) एसक्यूएलफ्लफ हे एसक्यूएलची मांडणी तपासणारं टूल बसवा. नियम एकदा रेपोत, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, ठरवून टाका, मग स्वल्पविराम कपाळावर लावा की शेपटीला.

निशाचर: आमच्या पीएल/एसक्यूएलवर (ओरॅकलची प्रोसीजर लिहायची भाषा) तो अडखळतो. पण बरं, साध्या क्वेऱ्यांपुरता लावून बघतो.

जुनाट: आकृत्या काढण्यापुरता डीबीव्हर उतरवतोय. क्वेऱ्या मी त्यात लिहिणार नाही.

कडूलिंब: उपकार झाले. प्रॉडक्शनच्या (खऱ्या, चालू डेटाबेसच्या) कनेक्शनला लाल रंग द्या आणि कमिट मॅन्युअलवर ठेवा. नंतर इथे येऊन टूलच्या नावाने बोटं मोडू नका.

जुनाट: 'बिगिन' मला लिहिता येतं.