आपल्या आमदाराने कुठल्या विधेयकाला काय मत दिलं, हे बघायचं कुठे?

पारावरचा_पिंट्या

मंडळी, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. गेल्या रविवारी पेपरात घालून आमच्या आमदारसाहेबांचा कार्यअहवाल घरी आला. गुळगुळीत कागद, ४८ पानं, आणि पानोपानी पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे, ओपन जिम, स्मशानभूमीची शेड, नारळ फोडताना साहेब, फीत कापताना साहेब. आमचे अण्णा रिटायर्ड मास्तर, छापील काही हातात पडलं की शेवटच्या पानावरचं छापखान्याचं नावसुद्धा वाचणारे. त्यांनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "ही सरपंचाची कामं झाली. हा मुंबईला जाऊन करतो काय, ते कुठंय यात?"

मी म्हटलं थांबा नेटवर बघून सांगतो, कुठल्या कायद्याला हो म्हटलं नि कुठल्याला नाही म्हटलं हे काय लपून राहतंय का, आणि आज चौथा दिवस, मला काहीही सापडलेलं नाही. निवडणुकीचं शपथपत्र मिळालं, त्यात सोनं किती, गाड्या किती, केसेस किती सगळं आहे. पण जनसुरक्षा विधेयकाच्या (ते शहरी नक्षलवादाविरुद्ध म्हणून आणलेलं) वेळी साहेबांनी काय केलं, मराठा आरक्षणाच्या वेळी काय केलं, हे कुठेच नाही. ते कुठे असतं? की मलाच शोधता येत नाहीये? अण्णा रोज चहाच्या वेळी विचारतात, "सापडलं का रे?"

निवृत्त_बातमीदार

पिंट्याशेठ, शोधण्यात तुमची चूक नाही, ते मुळात तिथं नाहीचे.

मी बरीच वर्षं अधिवेशनं कव्हर केली, मुंबई आणि नागपूर दोन्ही. विधेयक कसं मंजूर होतं ते सांगतो. दुपारची जेवणं झालेली असतात, सभागृहात मोजून वीस-पंचवीस डोकी, त्यातली निम्मी मोबाईलमधे. खुर्चीत तालिका अध्यक्ष, म्हणजे अध्यक्ष नसताना खुर्ची सांभाळणारा आमदार. मंत्री उठतात, विधेयक विचारात घ्यावं म्हणतात, दोनचार जण बोलतात, मग तालिका अध्यक्ष एका दमात खंड दोन ते अमुक विधेयकाचा भाग झाले वगैरे वाचून काढतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, इकडून एक "होऽऽय" येतो, तिकडून आलाच तर "नाही", आणि प्रस्ताव मान्य झाला. हे आवाजी मतदान. त्या "होय"मधे तुमच्या साहेबांचा आवाज होता की साहेब तेव्हा कॅन्टीनमधे वडा खात होते, हे कार्यवाहीत कुठेही लिहिलेलं नसतं. नावानिशी नोंद हवी तर कुणीतरी मतविभाजन (एकेकाचं मत मोजणं) मागायला लागतं, आणि सरकारकडे बहुमत आहे हे सगळ्यांनाच माहीत असताना तो खटाटोप क्वचितच कुणी करतो.

नावानिशी मोजणी बघायची तर विश्वासदर्शक ठराव बघा. ३० नोव्हेंबर २०१९ ला ठाकरे सरकारच्या वेळी १६९ बाजूने, विरोधात शून्य कारण भाजप सभात्याग करून बाहेर, आणि चौघे तटस्थ. ४ जुलै २०२२ ला शिंदे सरकारच्या वेळी १६४ विरुद्ध ९९. त्यावेळी एकेक आमदार उठून मोजणी झाली, टीव्हीवर सगळ्या राज्याने बघितली, फुटून गेलेलं कुणी उठलं की समोरून "ईडी ईडी" चालू. तुमचे साहेब तेव्हा सभागृहात असतील तर त्यांचा तेवढा एक तरी पक्का रेकॉर्ड मिळेल.

आता जनसुरक्षा. १० जुलै २०२५ ला विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर. त्याआधी ते संयुक्त समितीकडे गेलं होतं, समितीत विरोधी पक्षांचे मोठे नेते होते, बाहेर सभा-मोर्चे चालले होते, आणि प्रत्यक्ष सभागृहात उघड विरोध करणारा म्हणून नाव आलं ते एकाच आमदाराचं, डहाणूचे माकपचे विनोद निकोले. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. तेव्हा तुमचे साहेब कुठल्याही पक्षाचे असोत, निकोले नसतील तर त्यांनी विरोध केल्याचं मला तरी आठवत नाही :)

मराठा आरक्षणाचं तर त्याहून सोपं. २०१८ चं १६ टक्क्यांचं विधेयक एकमताने, २० फेब्रुवारी २०२४ चं १० टक्क्यांचं विशेष अधिवेशनातलं तेही एकमताने. म्हणजे कागदावर सगळ्यांची भूमिका एकच. कुणबी प्रमाणपत्रांवरून छगन भुजबळ मंत्री असूनही उघड विरोधात सभा घेत होते, पण तो विरोध त्या "एकमताने" शब्दात दिसणार आहे का? नाही.

खडूस_कोल्हापुरी

बातमीदार काकांनी नीट सांगितलंय, पण मी म्हणतो मुळात बघायचंय काय त्यात? समजा नावानिशी यादी मिळाली. त्यात आपल्या आमदाराचं मत दिसणार की पक्षाचं? १९८५ पासून घटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी आहे, व्हिप (पक्षाचा आदेश) मोडून मत दिलं किंवा न विचारता गैरहजर राहिला आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही तर आमदारकीवर गदा. मग कोण कशाला आपलं डोकं चालवील! २०२२ ला तर गंमतच, एकाच शिवसेनेचे दोन प्रतोद (व्हिप काढणारे), दोघांचे दोन व्हिप, आमदाराने पाळायचा कुणाचा? सुप्रीम कोर्टाने मे २०२३ मधे सांगितलं की प्रतोद राजकीय पक्षाने नेमायचा असतो, नुसत्या विधिमंडळ गटाने नाही, शिंदे गटाच्या गोगावलेंची नेमणूक बेकायदेशीर. तोवर सरकार येऊन दहा महिने झाले होते.

खरा माणूस बघायचा तर गुप्त मतदानात बघावा, आणि तिथं नाव कळत नाही. जून २०२२ आठवा. राज्यसभेला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून टाकायची असते, दहाच दिवसांनी विधान परिषदेला मतदान गुप्त होतं आणि काँग्रेसचे हंडोरे पडले. स्वतःच्याच पक्षाची मतं फुटली. कुणाची फुटली, ज्याने त्याने देवाला सांगितलं असेल.

सिडकोवाला

खडूसराव, थोडं असहमत. आमदारांचं सोडा, खासदारांचं तसं नाही.

संभाजीनगरचा आहे म्हणून आमच्याकडचंच उदाहरण देतो. २० सप्टेंबर २०२३, महिला आरक्षण, लोकसभेत ४५४ विरुद्ध २. ते दोन म्हणजे ओवेसी आणि आमचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. आमच्या घरात त्या रात्री जेवताना भांडण. बायको म्हणाली सगळ्या देशातून दोघं निघाले नाही म्हणणारे आणि त्यातला एक आपला? माझा मेहुणा, ज्याने २०१९ ला त्यांना मत दिलं होतं (साडेचार हजारांच्या आत निवडून आले होते ते, खैरेंना पाडून), तो म्हणाला अगं त्यांचा विरोध बायकांना नाही, ओबीसी आणि मुसलमान बायकांना आतला कोटा नाही म्हणून आहे, भाषण ऐक. तिने खरंच भाषण लावलं मोबाईलवर, ताट तसंच ठेवून. पटलं नाही ते नाहीच. पण मुद्दा असा की भांडायला आम्हाला काहीतरी होतं! माणूस काय म्हणाला, बटण काय दाबलं (त्या दिवशी नव्या इमारतीत बटणाऐवजी चिठ्ठ्या होत्या म्हणे), का दाबलं. आमच्या आमदाराबद्दल असं भांडण होऊच शकत नाही.

आणि एक युक्ती, घटनादुरुस्ती असली की संसदेत मतविभाजन करावंच लागतं, कारण हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश आणि एकूण संख्येच्या निम्म्याहून जास्त मतं मोजून दाखवायची असतात. म्हणून आधी घटनादुरुस्त्या शोधायच्या, लोकसभेच्या छापील कार्यवाहीत होय आणि नाही दोन्ही नावं असतात. साध्या विधेयकाला कुणी मागितलं तरच. २०२० चे शेती कायदे राज्यसभेत मतविभाजन मागूनसुद्धा आवाजीनेच झाले, त्यावरून केवढा गोंधळ झाला आठवत असेल.

पक्षाचं रेकॉर्डसुद्धा बघण्यासारखं असतं बरं का. डिसेंबर २०१९, नागरिकत्व विधेयक. सोमवारी मध्यरात्री लोकसभेत शिवसेना बाजूने, ३११-८०. बुधवारी राज्यसभेत मतदानाच्या वेळी शिवसेनेचे तिन्ही खासदार बाहेर. मधे एक मंगळवार, एवढंच. तेव्हा नवं सरकार येऊन दोन आठवडे झाले होते, त्यामुळे त्या मंगळवारी कुठले कुठले फोन फिरले असतील ते तुम्हीच समजून घ्या.

मिशिगनकर

इथे जरा परदेशातून नाक खुपसतो. आमच्या शेजारच्या मतदारसंघाचे काँग्रेसमन श्री ठाणेदार, मूळचे बेळगावचे, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटले की मराठीत बोलतात. २०२३ च्या जानेवारीपासून ते हाऊसमधे (अमेरिकेचं लोकसभेसारखं सभागृह) आहेत आणि तेव्हापासून जितक्या वेळा रोल कॉल (नावानिशी मतदान) झाला तितक्या वेळा त्यांचं नाव हाऊसच्या क्लार्कच्या वेबसाइटवर आहे, होय, नाही, हजर पण तटस्थ, किंवा मतच दिलं नाही. तारीख टाका, यादी समोर. मतदान संपल्यावर थोड्या वेळात येतं. आवाजी मतदान इथेही असतं, बिनविरोधाच्या गोष्टी तशाच जातात, पण वादाचं काही असलं की कुणीतरी रोल कॉल मागतोच.

आणि पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून सीट जात नाही. फार तर पुढच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) आपल्याच पक्षातला कुणीतरी समोर उभा राहतो आणि तुमच्या जुन्या मतांची यादी काढून टीव्हीवर जाहिराती करतो. तेव्हा इथे नेत्याला भीती वाटते ती या यादीची.

पण यादी म्हणजे सगळं नाही हेही खरं. ठाणेदारांनीच एप्रिल २०२५ मधे ट्रम्पवर महाभियोगाची सात कलमं दाखल केली, मे मधे मतदानाला लावायचीच म्हणून उभे राहिले, आणि ऐनवेळी मागे घेतलं कारण स्वतःच्याच पक्षातले लोक नाराज होते. मत झालंच नाही, त्यामुळे रोल कॉलच्या यादीत त्याचं काही नाही. पण त्या आठवड्यात त्यांच्याबद्दल जेवढं कळलं तेवढं शंभर मतांतून कळलं नसतं.

खडूस_कोल्हापुरी

@मिशिगनकर म्हणजे तिकडे यादीची भीती आणि इकडे हायकमांडची. आमच्याकडे जुनी मतं काढून कोण जाहिरात करतो हो, आमच्याकडे जुने व्हिडिओ काढतात, "तेव्हा काय म्हणाला होतास" वाले. तेवढंच आमचं रोल कॉल.

कपात_सूचना

ताई म्हणा मला, नावावर जाऊ नका. मी एमपीएससीच्या अभ्यासामुळे विधिमंडळाची वेबसाइट उलटीपालटी केलीय. पिंट्यादादा, मताच्या मागे लागू नका, प्रश्न बघा. तारांकित प्रश्नांच्या (ज्यांचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) याद्या पीडीएफमधे असतात. वर आमदारांची नावं, मग "सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय" आणि खाली "(१) हे खरे आहे काय, की..." अशी सुरुवात. समोर मंत्र्याचं उत्तर. "होय, हे खरे आहे" आलं तर समजायचं आमदाराने खुट्टी नीट मारलीय. "हे अंशतः खरे आहे" आलं तर तिथं काहीतरी मुरतंय. आणि "प्रश्न उद्भवत नाही" आलं की फाईल बंद.

पण फसू नका. एका प्रश्नावर पंधरा-वीस आमदारांची नावं असतात. खरा प्रश्न कुणाचा ते मी असं ओळखते की विषय कुठल्या तालुक्यातला आहे बघायचं. गडचिरोलीतल्या आश्रमशाळेच्या प्रश्नावर मुंबईतल्या पाच जणांची नावं असली तर ती सह्यांपुरती (चांगल्या मनाने केली असतील, पण तरी). आणि तुमच्या तालुक्यातल्या बंधाऱ्याचा प्रश्न तुमच्या साहेबांनी न विचारता शेजारच्या आमदाराने विचारला असेल तर मात्र अण्णांना जरूर दाखवा.

दुसरं, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणं), कपात सूचना (बजेटच्या मागणीत कपात सुचवणं), अशासकीय विधेयकं (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेली). अशासकीय विधेयक पास होण्याची आशा जवळपास नसते, म्हणूनच त्यात माणसाला मनापासून काय हवंय ते दिसतं. मंत्री असतील तर प्रश्न सापडणार नाहीत, कारण मंत्री उत्तरं देतात, विचारत नाहीत. तेव्हा मंत्र्याला "शून्य प्रश्न" म्हणून नावं ठेवू नका, हा घोळ दर निवडणुकीत व्हॉट्सअपवर होतो. आणि भाषणं यूट्यूबवर असतात, पूर्ण दिवसाचं सहा-सात तासांचं फुटेज असतं, पण दिवसाचा कार्यक्रम बघून गेलं तर सापडतं.

पारावरचा_पिंट्या

ताई, तुमचे आभार मानावे तितके थोडे. काल रात्री दीड वाजेपर्यंत बसलो. विश्वासदर्शक ठरावात साहेब सापडले, उठून उभे राहिलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं, मागे कुणीतरी जांभई देतंय. तेवढं एक मत.

मग प्रश्न. आमच्या इथल्या मुलींच्या वसतिगृहाचं बांधकाम सहा वर्षं रखडलंय, त्यावर एक प्रश्न मिळाला. वर अकरा नावं. आमच्या साहेबांचं नाव त्यात आहे, नवव्या नंबरवर. उत्तर असं की (१) हे अंशतः खरे आहे, (२) सुधारित अंदाजपत्रक सादर करण्यात आले आहे, (३) प्रश्न उद्भवत नाही.

प्रिंट काढून अण्णांना दिली. त्यांनी लाल पेन घेतलं, सवयच ती, नवव्या नावाखाली रेघ मारली, मग वर जाऊन पहिल्या नावाला गोल केला आणि म्हणाले, "हा कुठला रे? याचं बघ आता."

पहिलं नाव दुसऱ्या जिल्ह्यातल्या, विरोधी पक्षातल्या एका बाईंचं आहे. त्यांची भाषणं कुठल्या तारखांना झाली ते शोधायची काही सोपी पद्धत आहे का? रोजचं सात तासांचं फुटेज बघायला अण्णा तयार आहेत, डेटा माझा जातोय.

कपात_सूचना

आहे. प्रश्नाच्या पीडीएफवर अधिवेशन आणि तारीख असते, त्याच दिवसाची कार्यवाही उघडा आणि बाईंचं आडनाव त्यात शोधा. शोध चालत नसेल तर फाईल स्कॅन केलेली असणार, मग अण्णांना लाल पेन घेऊन बसवा.