आठ घोड्यांच्या पागेसाठी वॉकर, ट्रेडमिल, की आणखी दोन मोतद्दार?

धागाकर्ता, घोडबंदर रोड

आमच्या पागेत आठ घोडे आहेत. निम्मे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड आहेत आणि उरलेले मारवाडी व काठियावाडी. जूनमध्ये पाऊस लागला की रिंगणाचा चिखल होतो, रपेट बंद पडते आणि ठाणबंद झालेले घोडे लाकूड कुरतडणे, भिंतीवर लाथा झाडणे असे उद्योग सुरू करतात. म्हणून मालकांपुढे तीन पर्याय आहेत: चार घोड्यांचा गोल वॉकर (फिरत्या दांड्यांनी घोड्यांना वर्तुळात चालवणारे यंत्र), वापरलेली ट्रेडमिल, किंवा यंत्राच्या पैशांत दोन मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारी माणसे) आणि रिंगणावर थोडे छप्पर.

माझे मत वॉकरला आहे. मात्र घोडा दांड्याला बांधून ओढणारा जुना प्रकार मला नको, कारण घोडा अडून बसला की सारा ताण त्याच्या मानेवर येतो. लोंबत्या फळ्यांच्या मध्ये घोडा मोकळा चालतो, तो प्रकार घ्यावा. विजेचा खर्चही वाटतो तितका नाही. घोडे आपल्या पायांनीच चालतात, यंत्राला फक्त फळ्या फिरवायच्या असतात. त्यामुळे चार खऱ्या घोड्यांसाठी दोन-तीन अश्वशक्तीची मोटर पुरते, ही गंमत मला अजून वाटते.

पनवेलची पागा

चालवणे आणि व्यायाम देणे यांत फरक आहे, आणि तो आपल्या मांडणीत सुटला आहे. 18 मीटर व्यासाच्या वॉकरमध्ये घोडा ज्या रेषेवर चालतो, तिचा एक फेरा साधारण 49 मीटरचा होतो. ताशी 6 किलोमीटरच्या चालीने अर्ध्या तासात घोडा साठाच्या वर फेरे घालतो आणि प्रत्येक फेऱ्यात आतल्या बाजूच्या पायांवरचा भार वेगळाच राहतो. निम्म्या वेळेनंतर दिशा उलटवली तरी शर्यतीत कंडरा दुखावलेल्या थरोब्रेडला हे मानवेलच, असे गृहीत धरू नये.

दुसरा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत काही घोड्यांचा घाम हळूहळू आटतो आणि शरीरातली उष्णता बाहेर पडेनाशी होते. मोतद्दार मानेवरून हात फिरवतो, कातडी कोरडी आणि तापलेली लागते, नाकपुड्या फुललेल्या दिसतात, आणि तो घोड्याला तिथेच थांबवून पाणी मारतो. यंत्र मात्र ठरलेली तीस मिनिटे पुरी करते.

पशुवैद्यक, बेलापूर

ट्रेडमिलचा विचार इथेच सोडलेला बरा. सरळ रेषेत चालणे हा तिचा मोठा गुण आहे आणि चढ देता येतो हेही खरे. परंतु एका वेळी एकच घोडा, शेजारी सतत जाणता माणूस, आणि पट्ट्याची सवय होईपर्यंत बिचकणे हे सगळे धरावे लागते. शिवाय घोडा जागेवरच चालत असल्याने अंगावरून वारा जात नाही आणि मोठे पंखे लावावेच लागतात. आठ घोड्यांच्या पागेला हा व्याप परवडणारा नाही.

वॉकरच्या वर्तुळाबद्दलची भीती मला थोडी ताणलेली वाटते. दोरावर घोडा फिरवताना वर्तुळ पुष्कळदा याहून लहान असते आणि तिथे आपण त्याला दुडकीही घालायला लावतो. त्याच्याशी तुलना करता वॉकरमधली संथ चाल सौम्यच आहे. मात्र दुखापतीनंतर बरेच दिवस ठाणावर बांधून ठेवलेला घोडा पहिल्याच दिवशी फळ्यांमध्ये सोडू नये. तो उसळतो.

वीजकाम, ऐरोली

यंत्र कोणतेही घ्या, अर्थिंगकडे आधी पाहा. घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत बरेच अंतर असते, पायांना लोखंडी नाल आणि खाली ओली जमीन. माणसाला जाणवणार नाही एवढ्या गळतीचाही त्याला झटका बसू शकतो. यंत्रासाठी स्वतंत्र अर्थ-पिट आणि 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, हवाच. काही विक्रेते फळ्यांना सौम्य वीजप्रवाह देण्याची सोय दाखवतात. ठाण्याच्या पावसाळ्यात ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लोखंडही गरम जस्तात बुडवून काढलेले असावे, नुसता रंग खाडीच्या हवेत टिकत नाही.

धागाकर्ता, घोडबंदर रोड

पनवेलकरांचा घामाचा मुद्दा मान्य आहे, म्हणून वॉकर चालू असताना एक माणूस तिथेच उभा राहील. परंतु मोतद्दारांचा हिशेबही मांडायला हवा. एक माणूस एका वेळी फार तर दोन घोडे हाती धरतो. आठ घोड्यांना अर्धा-अर्धा तास फिरवायचे तर त्याचे दोन तास गेले, आणि खरारा, चंदी, ठाणाची सफाई अजून बाकीच. शिवाय पावसात फिरवायचे कुठे? बाहेरच्या रस्त्यावर कंटेनरची रांग असते.

पनवेलची पागा

माणूस उभा राहणारच असेल, तर त्याला दोन तासांऐवजी एकच तास लागेल, हे मी मान्य करतो. मग प्रश्न खर्चाचा उरतो. यंत्राच्या किमतीत तळाचा खर्च धरला आहे का? नुसती वाळू टाकली तर घोड्यांच्या पायवाटेची चर पडते, जुलैत तिच्यात पाणी साठते आणि खुराची पुतळी, म्हणजे तळव्याचा मऊ भाग, कुजायला लागते. खाली खडीचा निचरा, वर रबरी विटा आणि पायवाटेपुरते छप्पर, एवढे होणार नसेल, तर पावसाळ्यासाठी घेतलेले यंत्र पावसाळ्यातच बंद राहील. आणि विकत घेण्यापूर्वी विक्रेत्यासमोर फिरती फळी दोन माणसांनी हाताने अडवून पाहा. मोटर तत्काळ थांबली नाही, तर घोडा आत पडल्यावरही ती थांबणार नाही.