चालत्या ईव्हीची पॉवर गेली, सर्व्हिस सेंटर म्हणतंय फॉल्ट नाही. तक्रार कुठे करू?

चेंबूरकर
मंडळी, जरा अर्जंट आहे. इलेक्ट्रिक कार आहे, वॉरंटीत आहे, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ईस्टर्न फ्रीवेवर आणिक-पांजरापोळच्या बोगद्यात टक्क असा आवाज आला, स्क्रीनवर लाल वॉर्निंग, आणि ॲक्सिलरेटर दाबतोय तरी गाडी रांगायला लागली. मागून गाड्या सुसाट, हॉर्नवर हॉर्न, बाजूला आई बसलेली, कशीबशी बोगद्याबाहेर काढून डावीकडे घेतली. चार्ज निम्म्याच्या वर होता. टो करून नेली तर आता म्हणतात काही सापडलं नाही, सॉफ्टवेअर अपडेट मारलंय, घेऊन जा. घ्यावी का?

विक्रोळीवाली
तशीच अजिबात उचलू नका. आधी जॉब कार्ड बघा, म्हणजे गाडी घेताना तक्रार आणि काम लिहितात तो सर्व्हिस सेंटरचा कागद, तुमच्या तक्रारीच्या रकान्यात काय लिहिलंय? मी पॉवर गेली म्हणून सांगितलेलं आणि ॲडव्हायझरने 'जनरल चेकअप' टाकलेलं, तिथेच उभी राहून बदलून घेतलं. उद्या परत झालं तर हाच कागद कामाला येतो, तोंडी बोलणं कोणी धरत नाही. फॉल्ट कोडचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या बिघाडांचा, प्रिंटआउटपण मागा.

मुलुंडकर
१२ व्होल्टची सिस्टिम तपासायला सांगा. मोठी बॅटरी भरलेली असली तरी कंट्रोल युनिट्स छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, तिला चार्ज करणारा कन्व्हर्टर गेला की ती उतरते आणि गाडी बसते. ह्युंदाईने आयोनिक ५ साठी २०२४ मध्ये याच कारणाने रिकॉल काढला, म्हणजे दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावल्या, आपल्याकडच्या १,७४४ गाड्या होत्या. आणि अमेरिकेत २०२३ मध्ये एनएचटीएसएने, म्हणजे तिथल्या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेने, याच गाडीची चौकशी सुरू केली ती मालकांच्या ३० तक्रारींवर, त्यातल्या बऱ्याच जणांनी आधी मोठा आवाज आला असंच लिहिलेलं. फक्त ३०! म्हणून म्हणतो, गप्प बसू नका.

चेंबूरकर
माझी ती गाडी नाही, पण आवाजाचं वाचून काटा आला. आपल्याकडे कुठे नोंदवायचं असतं?

दादरचे काका
परिवहनच्या वाहन पोर्टलवर व्हेइकल रिकॉलचा विभाग आहे, तिथे. १ एप्रिल २०२१ पासून नियम आहे, सात वर्षांच्या आतली गाडी चालते, आणि तक्रारी ठरावीक संख्येच्या वर गेल्या की सरकार कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं, दंड एक कोटीपर्यंत. म्हणून एकेक तक्रार मोजली जाणं महत्त्वाचं. तुमच्या एकट्याच्या दुरुस्तीसाठी मात्र १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा, डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घ्या. सोशल मीडियावर नुसतं टॅग करून व्ह्यूज मिळतील बेटा, सरकारदरबारी मोजणीत काही येत नाही.

चेंबूरकर
धन्यवाद काका. जॉब कार्डवर चक्क 'सॉफ्टवेअर अपडेट रिक्वेस्टेड' लिहिलंय, मी असलं काही मागितलंच नव्हतं! आता निघतोय बदलून घ्यायला.

विक्रोळीवाली
जा जा. आणि नवीन कार्डावर सही-शिक्का झाल्याशिवाय डिलिव्हरीच्या कागदावर सही करू नका, फोटो तिथेच काढा. आईला काही दिवस टॅक्सीने न्या.